तुम्ही विचारलंत म्हणून: ही गाडी जाते कुठं?

आमच्या गोव्यातल्या कुडचड्याच्या घरी पाहुणा आला, की चहा येईपर्यंत तो राजांगणातल्या, म्हणजे घराच्या आतल्या चौकातल्या रुळाकडे बघत बसतो आणि कप खाली ठेवता ठेवता विचारतोच. आतेनं तर पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "सगळें बरें रे, पूण ती वता खंय?" तुळशीभोवती सोळा मीटरचा गोल रूळ, आणि त्यावर माझी खऱ्या वाफेवर चालणारी खेळण्यातली गाडी. जिथून निघते तिथंच येते. एवढा खटाटोप कशाला, असा त्या प्रश्नाचा खरा अर्थ, हे मलाही कळतं. पण मी जन्मभर बार्जांच्या, म्हणजे मालवाहू होड्यांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं, आतला अर्थ शोधत बसायचं नाही, ही सवय तिथलीच. तेव्हा गाडी कुठं जाते, तेवढंच सांगतो.

स्पिरिट संपेल तिथवर जाते.

बॉयलरमध्ये मी ८० मिली पाणी घालतो आणि खालच्या दिव्यात १८ मिली स्पिरिट, दोन्ही इंजेक्शनच्या सिरिंजनं मोजून. वाफ धरायला चार-पाच मिनिटं लागतात, मग गाडी बारा मिनिटं धावते. दिवा विझतो तेव्हा बॉयलरमध्ये वीस-पंचवीस मिली पाणी उरलेलं असतं. ते उरलंच पाहिजे. आधी आग संपायची, मग पाणी. खरी वाफ खेळवणाऱ्याला पाळायचा हा पहिला नियम, आणि तो मी एकदा मोडलेला आहे. ते पुढं येईल.

माझी इंजिनं स्विंडनहून येतात. शेजाऱ्यांचा मुलगा पोर्तुगीज पासपोर्ट काढून तिकडे गेला. आता स्विंडनला गोंयकार इतके झालेत, की इथली बातमी आम्हाला कधी कधी तिकडून कळते. आपण कुठं येऊन राहिलोय हे त्या मुलाच्या गावी नव्हतं. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इंजिनांचा मोठा कारखाना तिथंच होता. ब्रिटिश रेल्वेनं बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन, 'ईव्हनिंग स्टार', १९६० साली त्याच कारखान्यातून बाहेर पडलं, आणि १९८६ ला कारखाना बंद झाला. हे मी त्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "काका, मी रोज त्या भिंतीजवळून कामाला जातो." तेव्हापासून रविवारच्या जुन्या बाजारात मोडकं इंजिन दिसलं, की तो ते घेऊन ठेवतो, आणि सुट्टीवर येताना चॉकलेटांच्या खाली घालून आणतो.

त्यातलंच हे चार चाकांचं हिरवं इंजिन. आलं तेव्हा चाकं फिरत होती, पण वाफ सोडली की बाजूनंच फुसफुस. याचा सिलिंडर खऱ्या इंजिनासारखा घट्ट बसवलेला नसतो. एका खिळीवर तो स्वतःच डुलतो. एका बाजूला कलला, की त्याच्या पोटातलं भोक वाफेच्या भोकासमोर येतं. दुसरीकडे कलला, की वाफ बाहेर जायच्या भोकासमोर. व्हॉल्व्ह नाही, त्याचे दांडे नाहीत, काही नाही. एक स्प्रिंग त्याला मागच्या पत्र्यावर दाबून धरते, बस्स. म्हणजे सगळी मदार त्या दोन सपाट तोंडांवर. ह्याची तोंडं चरे पडून गेली होती. बहुतेक कोणीतरी तेल न घालता वर्षानुवर्षं पळवलं असावं.

अशा वेळी कानस घेऊन धावू नये. खिडकीच्या जाड काचेचा तुकडा घ्यायचा, त्यावर १२०० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यानं चिकटवायचा, आणि सिलिंडरच्या तोंडावर निळं स्केचपेन फासून ते त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवायचं. पाचपन्नास फेऱ्या झाल्या की उलटून बघायचं. उंचवट्यावरची शाई जाते, खड्ड्यातली राहते. परत शाई, परत आठ. बोट टेकवायचं ते मधोमध आणि वजन न देता. एका कडेला जोर पडला, की तोंड तिरकं होतं आणि पहिल्यापासून सुरुवात. तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी सगळीकडची निळाई एकदमच गेली, तेव्हा मी आतेला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "पुसलें न्हय?"

जोडताना मात्र मी मार खाल्ला. मागे-पुढे करायच्या खटक्याच्या दोन नळ्या उलट्या लावल्या. खटका पुढे, गाडी मागे. आते देवघरातून बाहेर आली आणि जागीच थांबली. तुळशीभोवती गाडी उलटी फिरत होती. "ही उरफाटी कित्याक वता?" मी नळ्यांचं सांगायला लागलो, पण तिला नळ्यांशी देणंघेणं नव्हतं. तुळस उजव्या हाताला राहिली पाहिजे. तेव्हापासून आमच्या लाइनीवर वाहतूक एकेरी आहे. याचा परिणामही झाला: कायम एकाच दिशेनं वळण, म्हणून बाहेरच्या अंगाच्या, म्हणजे डाव्या चाकांचे फ्लँज, रुळाला धरून ठेवणाऱ्या कडा, झिजले, उजवे अजून नव्यासारखे. दर दोन वर्षांनी मी आस काढून उलटा लावतो. आतेला हे सांगितलेलं नाही.

आता हिशेब. एक फेरी चाळीस सेकंदांची. बारा मिनिटांत अठरा फेऱ्या, म्हणजे २८८ मीटर. माझ्या रुळांची रुंदी ३२ मिलिमीटर. एकोणीसपट मोठी करून बघितली तर ती दोन फूट भरते, म्हणजे माथेरानच्या गाडीचा गेज. त्याच मापानं २८८ मीटरचे साडेपाच किलोमीटर झाले. घाटाच्या पायथ्याच्या कुळ्याहून वर चढायला निघालेली माझी गाडी दूधसागर दिसायच्या बरीच आधी जंगलात कुठंतरी थांबणार. पाहुण्यांना हे उत्तर दिलं, की ते हसतात. हसण्यासारखं काय आहे मला कळत नाही. मोजून दिलेलं उत्तर आहे.

यातली एक खोट मी स्वतःच सांगून टाकतो. घाटातली आमची गाडी माथेरानची नव्हती, मीटरगेजची होती. वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेनं मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंत लाइन टाकली, ती १८८८ साली पुरी झाली, आणि मी लहानपणी बघितली ती त्याच रुंदीची. कुळ्याला गाडी थांबली की मागून आणखी इंजिनं लागायची, तशीच ती घाट चढायची, आणि वर दूधसागरला पाणी प्यायला थांबायची. नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज आलं, ते रूळ उखडले. मीटरगेज दाखवायचं तर १ : २२.५ या मापात ४५ मिलिमीटरचे रूळ लागतात. म्हणजे सगळं परत टाकायचं, आणि तेवढं वळण आमच्या राजांगणात बसत नाही. तेव्हा कुडचड्यात माथेरान. चालवून घ्या.

विजेची गाडी का नाही, हेही विचारतात. एक कारण पाऊस. जून ते सप्टेंबर आमच्याकडे भिंतीलाही घाम फुटतो. विजेच्या गाडीला रुळांतूनच करंट मिळतो, त्यामुळे रूळ जरा काळवंडले की गाडी अडखळते; रोज पुसत बसा. वाफेच्या गाडीला रूळ काळा की गोरा याचं काही नाही. वर दिवे गेले तरी ती चालते, आणि पावसाळ्यात दिवे किती वेळा जातात ते तुम्हाला सांगायला नको.

एक चावीचं हॉर्नबी कंपनीचं इंजिनही आहे, जुन्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या घरातून आलेलं. १९५५ नंतर भारताच्या नाकेबंदीमुळे पोर्तुगीज गोव्यात घाटावरून माल यायचा बंद झाला होता, पण बोटीनं येणारा परदेशी माल दुकानांत भरलेला असायचा; तेव्हाची ती खरेदी. ते याच रुळांवर धावतं. आठ फेऱ्या आणि झोप. त्याच्याबद्दल एवढंच.

पाहुण्यांमध्ये एक जण तरी विचारतोच, की फेणीवर चालेल का. चालवून बघितली आहे. फेणीत साधारण बेचाळीस टक्के अल्कोहोल, बाकी सगळं पाणी. वात पेटते, निळसर जळते, पण काही उष्णता स्वतःचंच पाणी उडवण्यात जाते आणि बॉयलर कोमटच. शेवटी वात ओली होऊन विझते. वास मात्र दोन दिवस घरभर राहिला, आणि त्या दोन दिवसांत आलेल्या प्रत्येकाला आतेनं गाडीनं काय प्यालं ते सांगितलं. पॉलिशवाले वापरतात तेच स्पिरिट बरं. एवढंच ध्यानात ठेवायचं, की त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. विझली समजून कोणी हात घालतो. म्हणून मी गाडी दिवेलागणीलाच काढतो.

आता तो मोडलेला नियम. चवथीचे दिवस, घरात गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली सगळं गोत जमलेलं, आणि रुळाभोवती नऊ पोरं. दिवा विझला. "मामा, आनीक एक फावट!" मी सिरिंज भरली आणि दिव्यात आणखी स्पिरिट घातलं. पाणी बघितलं नाही. चाळीस वर्षं दुसऱ्यांना गेजचा काटा बघायला शिकवलेल्या माणसानं.

काय होतं ते सांगतो. त्या बॉयलरची टोकं कथिल-शिशाच्या मऊ डाखानं जोडलेली होती. तो डाख १८३ अंशांच्या आसपास वितळतो. पाणी आहे तोवर भीती नाही, कारण दीड बार दाबाला पाणी १२७ अंशांच्या आसपास उकळतं आणि धातूला त्याच्या फार वर जाऊ देत नाही. खालून ज्योत कितीही लागो. पाणी संपलं की धातूला आवरणारं कोणी उरत नाही. तिसऱ्या फेरीला गाडी मंदावली, रंग करपल्याचा वास आला, आणि रुळावर साबुदाण्याएवढे चकचकीत थेंब पडले. मग मागचं टोक सुटून लोंबलं. स्फोट वगैरे काही नाही. फुटायला आत वाफच कुठं होती? पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे असंच असतं.

परत मऊ डाख मारून भागलं असतं, पण मला आता चांदीचा डाख हवा होता; तो सहाशे अंशांच्या वर वितळतो. जुन्या बॉयलरला तो लावता येत नाही, कारण शिशाचा अंश राहिला तर तापवताना तोच सांधा खातो. म्हणून बॉयलरच नवा केला, तांब्याचा. टोकाच्या चकत्यांच्या कडा लोखंडी ठोकळ्यावर ठोकून वळवल्या. तांबं ठोकून ताठरतं, मग लाल करून पाण्यात बुडवायचं, की परत मऊ. लोखंडाच्या अगदी उलटं. हे हात आयुष्यभर लोखंडात गेले, त्यामुळे प्रत्येक वेळी पाण्यात बुडवताना आपण काहीतरी बिघडवतोय असंच वाटायचं.

डाख मात्र मी आमच्या सोनाराला समोर बसवून केला. त्याची फुंकणी एवढ्या तांब्याला पुरणारी नव्हती, ज्योत माझ्या गॅसच्या टॉर्चची, नजर त्याची. त्यानं पाटीवर टाकणखार पाण्यात घासून सांध्याला लावला आणि म्हणाला, "डाखाकडे बघू नका, ह्याच्याकडे बघा." टाकणखार आधी लाहीसारखा फुगला. मी डाखाची तार पुढं केली, त्यानं मनगट धरलं. मग टाकणखार खाली बसला, आणि अचानक काचेसारखा पातळ होऊन चमकला. "आता." तार टेकवली, आणि डाख सांध्यातून गोल धावत माझ्या ज्योतीकडे आला. डाख उष्णतेच्या मागं जातो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्याला ते लहानपणापासून माहीत होतं. पैसे घेतले नाहीत. एक संध्याकाळ गाडी चालवून मागितली.

बॉयलर आधी गार पाण्यानं तपासायचा असतो, चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाबावर. मी जुन्या ग्रीसगनचा पंप करून तीन बार चढवले. हवेनं हे कधी करू नये. हवा दबून बसते आणि फुटली तर तुकडे घेऊन उडते, पाणी फक्त ठिबकतं. ठिबकलं नाही. बॉयलरमध्ये मी पागोळीचं पाणी वापरतो, पहिल्या दोन-चार सरी कौलं धुवायला सोडून. त्यानं आत थर धरत नाही.

आता सोनार येतो, पोरं येतात, आणि "आनीक एक फावट" म्हणाली की मी आधी पाण्याची सिरिंज उचलतो. अठरा फेऱ्या काही रोज होत नाहीत. पावसाळ्यात गार वाऱ्यानं बॉयलर निवतो, रूळ ओले, चाकं घसरतात, पंधरावर येते. मे महिन्यात एकदा वीस झाल्या. त्यामुळे दिवा विझल्यावर गाडी रोज वेगळ्याच ठिकाणी थांबते.

आतेचे डोळे आता अधू झालेत, ती राजांगणात येत नाही. आवाज थांबला की देवघरातूनच विचारते, "आयज खंय रावली?"

काल न्हाणीच्या दाराशी थांबली होती. तसं सांगितलं.

"पावस येतलो," आते म्हणाली.