लग्नाची खरेदी: शालिमार ते भांडी बाजार, आईला सोबत घेऊन

धाकटीचं लग्न वीस दिवसांवर आलं, तेव्हा मी आणि आई सिन्नरहून नाशिकला खरेदीला गेलो. द्वारका चौकात उतरून शेअर रिक्षाने शालिमारला पोचेपर्यंत साडेबारा वाजले होते. त्यात रविवार. मेन रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंना हातगाड्या, पथारीवाले आणि मधून हॉर्न वाजवत घुसणाऱ्या दुचाक्या. आईचे गुडघे दुखतात. एवढ्या रस्त्यात तिला पाच मिनिटं टेकायला एकही बाक दिसला नाही, याचं मला फार वाईट वाटलं. सगळ्या जिल्ह्यातून इथे माणसं येतात, त्यात कितीतरी आया-आज्या असतात.

तुम्ही जाणार असाल तर मधला वार धरा आणि दुकानं उघडतात तेव्हाच पोचा. चारचाकी आत आणायचा विचारही करू नका. म्हातारं माणूस सोबत असेल तर साड्यांचं दुकान मध्येच कुठेतरी ठेवा, कारण गादीवर निवांत बसायला मिळतं आणि पाणीही विचारतात. आम्ही तासभर बसलो, आईचा चेहरा जरा उतरला होता तो खुलला.

साडी मात्र ट्यूबलाइटखाली पसंत करू नका. मोरपंखी म्हणून बाजूला काढलेली एक साडी मी उंबऱ्यापाशी नेऊन पाहिली, तर ती चक्क शेवाळी निघाली. मानपानाच्या साड्या घाईघाईत घेतल्या, उलगडून पाहिल्या नाहीत. घरी आल्यावर एक घडीवर विरलेली निघाली. फोन केला तर म्हणाले, विकलेला माल बदलून मिळणार नाही, बिलावर लिहिलंय. तेव्हा पदरापर्यंत प्रत्येक साडी उलगडायला लावा, मागे कितीही गर्दी असो.

धुमाळ पॉइंटवरून पुढे दहीपुलाकडे उतार लागतो, तो सराफ बाजार, भांडी बाजार करत थेट गोदावरीपर्यंत जातो. २०१६ आणि २०१९ च्या पुरात पाणी याच बाजारात शिरलं होतं. चालणाऱ्याला हा उतार सोयीचा आहे, म्हणून शालिमारकडून सुरुवात करा आणि जड सामान शेवटी घ्या. आमच्या पुढचं एक कुटुंब उलटं, पितळेची घागर घेऊन चढ चढत होतं, त्यांची दमछाक बघवत नव्हती.

सराफ बाजारात मंगळसूत्राच्या वाट्या घेतल्या. दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक असतो, तो भिंगातून बघून घ्या आणि पक्कं बिल मागा. त्यात संकोच कसला!

भांडी बाजारात मात्र वेळ हाताशी ठेवून जा. इथे तांब्या-पितळेचा भाव किलोवर असतो. भांडं डोळ्यांसमोर काट्यावर ठेवायला सांगा, आणि बूड हाताने चाचपा. पातळ पत्रा लगेच कळतो. आईने पाच पातेली बोटांनी वाजवून पाहिली आणि त्यातलं एक निवडलं. ते कसं ओळखायचं ते मला अजून येत नाही, शिकायचं आहे.

भांड्यांवर नावंही तिथेच घालून मिळतात. नाव कागदावर स्वच्छ लिहून द्या, कारण कोरलेलं पुसता येत नाही. आमच्याकडे कागद नव्हता. कोरणाऱ्या काकांनी मशीन हातात घेऊन आईला विचारलं, "ताई, आडनाव माहेरचं घालू की सासरचं?" आई गप्प झाली. मागे माणसं खोळंबली होती, काका मात्र थांबून राहिले. मग ती म्हणाली, "नुसतं तिचं नाव घाला." मशीनची घरघर सुरू झाली, पितळेचा बारीक कीस उडायला लागला, आणि आईने पदराने डोळे टिपले.