वाळवंटातली काळी खपली उन्हात जगते कशी?

हा प्रश्न हमखास येतो: “पानं करपून जातात अशा उन्हात मातीवरची सायनोबॅक्टेरियांची (उजेडावर अन्न बनवणाऱ्या जिवाणूंची) काळी खपली जगते कशी?” बहुतेकांना वाटतं, ती झालेलं नुकसान झपाट्याने भरून काढत असणार. काढते, पण ओली असेल तेव्हाच.

खरी गोम इथेच आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो पठारावरची खपली वर्षाचा बराचसा काळ कोरडीठाक असते. अतिनील किरणांमुळे डीएनएतले शेजारशेजारचे थायमिन हे घटक एकमेकांना चिकटतात. त्यांना सोडवणारं फोटोलायेज हे विकर (एन्झाइम) निळ्या उजेडावर चालतं. उजेड भरपूर असतो, पण पेशीत पाणी नसलं की काम ठप्प, आणि नुकसान साचत राहतं. त्यामुळे पाण्याविना चालणारं संरक्षण लागतं.

चिमूटभर खपली भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. खपलीतल्या सायटोनेमा या सायनोबॅक्टेरियाच्या पेशी आत निळ्या-हिरव्या, बाहेरचं आवरण कोऱ्या चहाच्या रंगाचं. तो रंग सायटोनेमिन या रंगद्रव्याचा. एकदा आवरणात बसलं की त्याला ना पाणी लागतं ना ऊर्जा. अतिनील किरणांपैकी मुख्यतः यूव्ही-ए (लांब लहरींचे) तेच अडवतं. यूव्ही-बीसाठी (त्याहून आखूड लहरींसाठी) मायकोस्पोरिनसारखी अमिनो आम्लं असतात.

खपलीतल्याच मायक्रोकोलियस व्हॅजिनेटस या दुसऱ्या सायनोबॅक्टेरियाकडे ही छत्री नाही. पाऊस पडला की तो सरकत वर येतो आणि माती हिरवट दिसू लागते. वाळायला लागली की पुन्हा खाली. इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या क्रूकॉकिडिऑप्सिस या सायनोबॅक्टेरियाची छत्री म्हणजे दगडच. मंगळावरच्यासारख्या अतिनील माऱ्यात त्याच्या वाळलेल्या पेशींचा उघडा, एकेरी थर अर्ध्या तासात संपला. एक मिलिमीटर दगडाखालच्या पेशी तगल्या.

सायटोनेमिन मोजायचं असेल तर लक्षात ठेवा, ते पाण्यात विरघळत नाही. खपली बारीक करून शुद्ध अॅसिटोनमध्ये, अंधारात, ४ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवा. सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून गाळ खाली बसवून) ३८४, ४९० आणि ६६३ नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण मोजा. हरितद्रव्य आणि कॅरोटिनॉइड ही रंगद्रव्यंही ३८४ला प्रकाश शोषतात, म्हणून थेट आकडा फुगलेला येतो. ३८४च्या आकड्याला १.०४ने गुणून त्यातून ६६३च्या आकड्याची ०.७९ पट आणि ४९०ची ०.२७ पट वजा करा. क्युव्हेट (द्रव मोजायचं पारदर्शक भांडं) क्वार्ट्झचं घ्या. साधं प्लॅस्टिकचं अॅसिटोनमध्ये धुरकट होतं आणि सगळा प्रयोग वाया जातो.

यूव्ही-बीच्या दिव्याखाली खपली ठेवणार असाल तर मध्ये सेल्युलोज अॅसिटेटची फिल्म हवीच. अशा दिव्यातून थोडा यूव्ही-सीही (सर्वांत आखूड लहरींचा अतिनील) निघतो, आणि तो जमिनीवरच्या उन्हात नसतोच. फिल्म वापराने जुनी होते, तीही बदलत राहा.