मायग्रेनची डायरी आणि तो एक रकाना

मायग्रेनची डायरी ठेवायला सांगितलेल्यांना मी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. छापील तक्ता हातात पडला, तर त्यातल्या ‘संभाव्य कारण’ या रकान्यावर सरळ काट मारा. निदान सुरुवातीचे काही महिने तरी. माझा त्या रकान्यावरचा राग अजून पुरता गेलेला नाही, आणि हे सगळं लिहायला बसले तेही त्याच रागापोटी.

निदानापर्यंतचा भाग चटकन उरकला. डोक्याच्या एकाच बाजूला ठणका, मळमळ, उजेड नको, आवाज नको, दोन जिने चढले की दुखणं दुप्पट. एवढं ऐकून आणि साधी तपासणी करून डॉक्टरांनी मायग्रेन असल्याचं सांगितलं, औषधं लिहून दिली. निघताना हातात दोन कागद आले. एक यादी आणि एक तक्ता.

यादीत चॉकलेट, जुनं मुरवलेलं चीज, रेड वाइन, प्रक्रिया केलेलं मांस, आंबट फळं, सुकामेवा, कॉफी, मोनोसोडियम ग्लुटामेट, कृत्रिम गोडी आणणारं अ‍ॅस्पार्टेम, आंबवलेले पदार्थ. खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरांत ताण, झोप, उपाशी राहणं, प्रखर उजेड, उग्र वास, हवाबदल, पाळी. खाण्याचे पदार्थ मोठ्या टायपात आणि बाकीचं सगळं तळाला दाटीवाटीने, ही मांडणीच पुढच्या घोळाचं मूळ होती असं आता वाटतं.

तक्त्याचे रकाने असे: तारीख, दुखणं सुरू झाल्याची वेळ, तीव्रता 0 ते 10, घेतलेलं औषध आणि शेवटी ‘संभाव्य कारण’. हा शेवटचा रकाना अंगठ्याएवढा रुंद. त्यात एक शब्द मावायचा, फार तर दोन. आणि तक्ता भरायचा तो डोकं दुखेल त्याच दिवशी.

सुरुवातीला मी तो रकाना रिकामा ठेवायची. खरंच कळत नव्हतं, काय लिहिणार? पण पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या आधी सहायक बाई तक्ता तपासायच्या. रिकाम्या चौकोनावर पेनचं टोक टेकवून विचारायच्या, “काहीतरी झालंच असेल ना? नीट आठवा बघू.” मग मी आठवायची. दुखण्याच्या आदल्या दिवसात माणसाला हमखास आठवतं ते खाणं. किती वाजता झोपलो, जेवण किती लांबलं, हे कोण लक्षात ठेवतं? त्यामुळे माझ्या अक्षरात चौकोनाचौकोनातून एकच शब्द उतरत गेला: चॉकलेट, चॉकलेट, कॉफी, चॉकलेट. पुढच्या भेटीत तो तक्ता वर धरून दाखवला गेला. बघा, सापडलं की कारण!

चॉकलेट बंद केलं. डोकं दुखायचं थांबलं नाही. मग म्हणे चीज असेल. ते बंद. मग आंबट फळं, मग सुकामेवा. प्रत्येक वेळी तोच रकाना, तेच पेन, तोच प्रश्न. शेवटी ताटात इतकं कमी उरलं की बाहेर असले तर खाण्याजोगं काही सापडेपर्यंत दुपारचं जेवण तीन-तीन तास लांबायला लागलं. आणि जेवण चुकणं हा मायग्रेनचा पक्का ट्रिगर, म्हणजे दुखणं चेतवणारी गोष्ट! यादीच्या तळाशी, बारीक अक्षरांत तो होताच. पथ्यामुळे उपास, उपासामुळे दुखणं, दुखण्याच्या नावापुढे पुन्हा एखादा निरपराध पदार्थ. यात माझे महिने गेले. रकान्याला त्याचं काय, त्याला फक्त शब्द हवा होता.

सुटका झाली ती दुसऱ्या एका न्यूरॉलॉजिस्ट बाईंच्या एका वाक्याने. त्यांनी तक्ता उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “डोकं दुखलं नाही, त्या दिवशी चॉकलेट खाल्लं होतं का?” मी गप्प. कारण न दुखलेल्या दिवसांची नोंदच नव्हती. दुखण्याच्या दहा दिवसांपैकी आठ दिवस कॉफी घेतली होती, याला काही अर्थ नाही, जर बाकीच्या दिवसांतही तितक्याच प्रमाणात घेतली असेल. इतकी साधी गोष्ट, पण तक्त्यात तिला जागाच ठेवलेली नव्हती.

मग साधी वही घेतली आणि रकाने स्वतः आखले. रोज रात्री भरायचे, दुखो न दुखो. झोपल्याची आणि उठल्याची वेळ, तिन्ही खाण्यांच्या वेळा, चहा-कॉफी किती आणि कधी, पाळीचा कितवा दिवस, दिवस ताणाचा की सैल, औषध. आणि बाईंनी आग्रहाने घालायला लावलेला एक रकाना: ‘दुखण्याआधी काय वाटत होतं, किती वाजता’. कारणाचा रकाना नाही.

त्या ‘आधी काय वाटत होतं’नेच चॉकलेटला सोडवलं. उदाहरणार्थ एक नोंद: दुपारी दोनला जांभया, झोप पुरी झालेली असताना. तीनला मान आखडली. शेजारच्याच्या कीबोर्डचा आवाज असह्य. चारला गोड खावंसं वाटलं, चॉकलेट खाल्लं. रात्री नऊला डोकं. म्हणजे चॉकलेटच्या दोन तास आधीच प्रकरण सुरू झालेलं होतं! मायग्रेनमध्ये दुखण्याच्या आधी काही तास, कधी एक-दोन दिवसही, हा पूर्वलक्षणांचा टप्पा असतो. जांभया, मानेचा ताठरपणा, चिडचिड, वारंवार लघवी आणि विशिष्ट पदार्थाची ओढ. भूक, झोप, तहान सांभाळणारा मेंदूतला हायपोथॅलॅमस या काळात जास्त सक्रिय असल्याचं मेंदूच्या प्रतिमांमध्ये दिसलं आहे. त्या ओढीने आपण खातो, नंतर डोकं दुखतं, आणि गुन्हा खाण्यावर लागतो.

हा नुसता माझ्या वहीचा निष्कर्ष नाही. खाण्यावरचा संशय जुना आहे. 1967 मध्ये संशोधक एडा हॅनिंग्टन यांनी चीजसारख्या पदार्थांतल्या टायरामिन या रसायनाकडे बोट दाखवलं, आणि ते नाव तेव्हापासून याद्यांमध्ये टिकून आहे. पण 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डोकेदुखीच्या 63 बायकांना कोणता नमुना कशाचा हे न सांगता चॉकलेट आणि तशाच चवीचं कॅरोब (एका झाडाच्या शेंगांची पूड) दिलं, तेव्हा चॉकलेटने कॅरोबपेक्षा जास्त डोकी दुखवली नाहीत. 2013 चा एक प्रयोग मला अजून आवडतो. ऑरासह (म्हणजे दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या रेषा वगैरे दिसणारा) मायग्रेन असलेल्या 27 जणांनी प्रखर उजेड किंवा जोरदार व्यायाम हा आपला ट्रिगर असल्याचं सांगितलं होतं. त्यांना मुद्दाम त्याच गोष्टी करायला लावल्या. तिघांना ऑरासह मायग्रेन आला, आणखी तिघांना ऑराशिवाय. बाकी एकवीस जणांना काहीच नाही.

म्हणून खाणं कुणालाच त्रास देत नाही असं नाही. दारूने, विशेषतः रेड वाइनने, हमखास डोकं धरणारी माणसं आहेत, आणि तसं असेल तर ते बहुधा काही तासांतच कळतं. संशय असेल तर एका वेळी एकच पदार्थ काही आठवडे थांबवावा, फरक नसेल तर परत सुरू करावा. ‘परत सुरू करावा’ हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

माझ्या वहीत निघालं ते फार कंटाळवाणं होतं. लांबलेलं दुपारचं जेवण. सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत झोप, आणि त्यामुळे उशिरा कॉफी. मोठं काम संपल्यानंतरचा निवांत दिवस. ताणात नाही, ताण उतरल्यावर. आणि पाळीच्या आधीचे दोन दिवस ते पाळीचा तिसरा दिवस, जेव्हा इस्ट्रोजेनची पातळी घसरलेली असते. यातलं एकेकटं बरेचदा निभावून जायचं. दोन-तीन एकत्र आले की नाही. पाळीच्या दिवसांत जेवण चुकलं, वर झोप कमी, तर मी संध्याकाळचे बेत आधीच रद्द करते. पाळी काही माझ्या हातात नाही, पण त्या दिवसांत डबा वेळेवर उघडणं आहे. हे शोधल्याचा मला, खरं सांगते, थोडा गर्वच आहे.

कॉफीचं राहिलं. सोडायची असेल तर हळूहळू कमी करा. रोज 200 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅफीनची दोन आठवड्यांहून अधिक सवय असेल आणि ते एकदम तोडलं, तर 24 तासांच्या आत डोकं दुखू शकतं. मग डायरीत कॉफी ट्रिगर की कॉफी नसणं ट्रिगर, याचा पत्ता लागत नाही. मी सोडली नाही. रोज तेवढीच, त्याच वेळी, सुट्टीच्या दिवशीही.

ही पुढची गोष्ट खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवी होती: औषधाचे दिवस मोजा. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, ट्रिप्टान (मायग्रेनसाठीची खास औषधं) किंवा एकाहून अधिक औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर औषधामुळेच वारंवार डोकं दुखायला लागतं. तसं असेल तर ट्रिगर शोधून काही हाती लागत नाही, आधी डॉक्टरांशी तेच बोलायचं.

दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी, चमकत्या रेषा दिसत असतील, म्हणजे ऑरा असेल, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांनी विचारण्याची वाट न बघता हे त्यांना स्वतःहून सांगा. पक्षाघाताच्या धोक्याशी त्याचा संबंध आहे. अचानक, क्षणात शिगेला पोचलेलं दुखणं, हातापायात अशक्तपणा, तापासोबत आखडलेली मान, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी असेल, तर डायरी वगैरे बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा.

आणि भेटीला जाताना अख्खी वही नेऊ नका, कुणी वाचत नाही. एका कागदावर महिन्याला दुखण्याचे दिवस किती, औषधाचे दिवस किती, एवढं लिहून न्या. कारण विचारलंच, तर बिनदिक्कत म्हणायचं, अजून कळलेलं नाही.