तुम्ही विचारलंत, तो दोरीचा तुकडा कशासाठी, म्हणून सांगते...

मालवणात कुठल्याही लग्नाला गेले की पंगतीत कोणीतरी विचारतंच, "बाई, त्या पोराला ऐकू येत नाही, दिसतही नाही, मग तुम्ही त्याला शब्द शिकवता कसा?" आणि मी भाताचा घास गिळेपर्यंत शेजारचे सांगून मोकळे, अहो ती आंधळी-बहिरी हेलन केलर नाही का, पंपाखाली हात धरला नि कळलं की पाणी!

गोष्ट खरी आहे, पण घाईत सांगतात. तिची शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन ३ मार्च १८८७ ला हेलनकडे आली, वय २०, स्वतःचीच नजर अधू. आल्या आल्या बाहुली हातात देऊन तळहातावर बोटांनी अक्षरं काढायला लागली, आणि पंप आला ५ एप्रिलला. मधला महिनाभर पोरगी पेला आणि पाणी यात घोळ घालत होती, ते कोण सांगत नाही. शिवाय हेलन १९ महिन्यांची होईपर्यंत ऐकत-बघत होती, पाण्याला वा-वा म्हणायची. म्हणजे तिला हरवलेलं काहीतरी परत सापडलं, असं आपलं माझं मत.

मी ज्याला शिकवते तो पोरगा जन्मापासूनच असा. आईला गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला की बाळाचे डोळे, कान, हृदय सगळ्यावरच येऊ शकतं, तसं झालं. त्याच्याकडे परत मिळायला शब्दच नव्हता.

सुरुवातीला मी एकदा न सांगता त्याला उचलून आंघोळीला न्यायला गेले तर मनगटाला कडकडून चावला. चूक माझीच, त्याच्यासाठी मी म्हणजे हवेतून आलेले दोन हात. मग ठरवलं, काहीही करायच्या आधी वस्तू हातात द्यायची. पेजेच्या आधी चमचा, आंघोळीच्या आधी तांब्या, पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत जायचं तर रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या दोरीचा तुकडा, आणि लगेच त्याच्या हाताखाली माझा हात ठेवून खूण, त्याचा हात धरून ओढायचा नाही, तो आपणहून माझ्या हातावर चढायला हवा. रोज तेच, त्याच क्रमाने, आठ महिने. खरं सांगते, कंटाळा यायचा, एसटीत बसून वाटायचं की मी दोऱ्याच वाटत फिरतेय.

जुलैत एक दिवस पावसाने नुसतं झोडपलं होतं, बोटी वर ओढलेल्या, मी ओटीवर ओली छत्री झटकतेय, तर हा भिंत चाचपत फळीपाशी गेला, चमचा बाजूला सारला, तांब्या सारला, दोरी शोधून काढली आणि येऊन माझ्या हातात कोंबली. वर माझी मूठ मिटवली.

मी छत्री परत उघडली. आतून त्याची आई ओरडली, "बाई, ह्या पावसात खंय चललात?"

म्हटलं, "मी नाय, तो चललो हा."