‘इतर’ नावाच्या रकान्यात आईवडील

“केस कापायला महिन्याला किती लागतात?” फोनवरच्या बाईंनी विचारलं आणि मला वाटलं, हा टोमणाच आहे. क्रेडिट कार्डाचं बिल थकलेलं, मी आजारपणाच्या रजेवर, पगार जवळपास बंद. म्हणून इथे ब्रिटनमध्ये कर्जसल्ल्याच्या मोफत लाइनवर फोन लावला, तर ह्या पार्लरचा हिशेब मागतायत. आपल्याकडे असा प्रश्न आला की त्याच्या मागून कोणतं वाक्य येतं, ते तुम्हाला सांगायला नको. मी म्हटलं, काहीच नाही, घरीच कापते. त्या म्हणाल्या, “तरी काहीतरी धरू या. नोकरीवर परत जायचंय ना तुम्हाला?” आणि त्यांनी एक आकडा टाकूनही दिला.

पुढे कपडे आले, मग मोबाईल. छंद आणि बाहेरचं खाणं आलं. वाढदिवसाच्या भेटी आल्या. मुलं असतील तर त्यांना हातखर्चाला किती देता, कुत्रं-मांजर असेल तर जनावरांच्या डॉक्टरचं बिल किती, हेही विचारून झालं. दारू आणि सिगारेटलासुद्धा आपापली ओळ आहे, खोटं नाही सांगत. या फॉर्मला स्टँडर्ड फायनान्शियल स्टेटमेंट म्हणतात. २०१७ पासून इथल्या बहुतेक कर्जसल्ला संस्था हाच वापरतात. काही खर्चांच्या मर्यादा आधीच ठरलेल्या आहेत आणि तुम्ही त्यांच्या आत असाल तर ज्यांचे पैसे थकलेत त्या कंपन्या सहसा खोदून विचारत नाहीत. मला सगळ्यात नवल वाटलं ते बचतीच्या रकान्याचं. सगळा खर्च जाऊन जे उरेल त्यातले दहा टक्के, जास्तीत जास्त २० पौंड, दर महिन्याला स्वतःसाठी बाजूला ठेवायचे. डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाने बचत करायची, आणि ती सावकाराच्या संमतीने! हे मी पप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “तू नीट ऐकलं नसशील.”

थोडं मागे जाते. मी लेस्टरला एका मालवाहतूक कंपनीत डेटाचं काम करते. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला मी रात्री तीनला उठून लॅपटॉप उघडायला लागले. मग लॅपटॉप उघडला की रडू यायला लागलं. शेवटी जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, आजारपणाची चिठ्ठी दिली. पहिल्या सात दिवसांसाठी इथे आपला शब्द पुरतो, त्यानंतर चिठ्ठी लागते. चिठ्ठीवर कारण स्पष्ट लिहिलेलं होतं: कामाचा ताण. त्या कागदाकडे मी बराच वेळ बघत बसले, कारण ही असली कारणं आपल्याकडे दातदुखीच्या नावाखाली खपवतात. मीसुद्धा आईला आधी पाठ धरलीय असंच सांगितलं. खरं कळल्यावर पप्पा म्हणाले, “एसटीचं स्टेअरिंग आयुष्यभर धरलं, पण ताण आला म्हणून डेपोला चिठ्ठी कधी दिली नाही.” मी म्हटलं, मग तुमचं बीपी कुठनं आलं? यावर ते आईला म्हणाले, फोन धर.

इथे २०२३-२४ मध्ये कामामुळे ताण, नैराश्य किंवा चिंतेने आजारी असलेल्यांचा सरकारी आकडा ७ लाख ७६ हजार होता. म्हणजे मी काही एकटी नाजूक नव्हे. हे पप्पांना सांगून उपयोग नाही, तुम्हाला सांगते.

आता पैशांचं. आजारपणात पूर्ण पगार देणाऱ्या कंपन्या इथे आहेत. आमची कंपनी फक्त कायद्याने बंधनकारक आहे तेवढंच देते. मी रजेवर गेले तेव्हा तो दर आठवड्याला ११८.७५ पौंड होता, जास्तीत जास्त २८ आठवडे, आणि पहिल्या तीन दिवसांचं काहीच नाही. (एप्रिल २०२६ पासून पहिल्या दिवसापासून पैसे द्यायची तरतूद आलीय. माझ्या वाट्याला जुना नियम आला.) महिन्याला धरा सव्वापाचशेच्या आतच. माझं घरभाडं त्याहून जास्त आहे. तेव्हा “तिकडे काय बाई, सरकार घरबसल्या पोसतं” असं म्हणणाऱ्या आमच्या बार्शीच्या काकूंनी हा गुणाकार एकदा स्वतः करून बघावा.

सरकार पोसतं ते ज्यांना पोसायची परवानगी आहे त्यांना. माझ्या व्हिसावर सरकारी मदत घ्यायला मनाई असल्याची ओळ आहे. युनिव्हर्सल क्रेडिटला, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी भत्त्याला, मी हात लावू शकत नाही. कौन्सिल टॅक्समध्ये (इथली घरपट्टी) कमी उत्पन्नासाठी जी सूट मिळते तीही मला नाही. एकटी राहते म्हणून मिळणारी पंचवीस टक्के सवलत मात्र चालते. आजारपणाचा पगारही चालतो, कारण तो मालक देतो आणि सरकारी मदतीत धरला जात नाही. हे सगळं मी कितीतरी रात्री जागून वाचून काढलंय. बिनपगारी चार आठवड्यांपेक्षा जास्त गैरहजर राहिलं तर व्हिसासाठी कंपनीने दिलेली स्पॉन्सरशिप धोक्यात येते, पण आजारपण त्याला अपवाद आहे, हे कळलं त्या रात्री मला झोप लागली. नुसत्या कार्डाच्या कर्जावरून व्हिसा नाकारत नाहीत. एनएचएसचे, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, ५०० पौंड किंवा जास्त थकवले तर मात्र ते कारण होऊ शकतं. इथल्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याच्या बरोबर उलट सांगणारे पैशाला पासरी आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

त्या बाईंनी माझी देणी दोन ढिगांत वाटली. पहिल्या, तातडीच्या ढिगात भाडं, कौन्सिल टॅक्स, वीज आणि गॅस. दुसऱ्यात क्रेडिट कार्ड आणि ओव्हरड्राफ्ट. मी अगदी उलटं चालवलं असतं, कारण कार्डवाले रोज मेसेज पाठवत होते आणि कौन्सिलचं महिन्यातून एक साधं पत्र. पण जो जास्त ओरडतो त्याच्या हातात इथे कमी असतं. कार्ड थकलं तर व्याज चढतं आणि नावावर सहा वर्षं डाग राहतो. कौन्सिल टॅक्सचा एक हप्ता चुकवून स्मरणपत्राकडेही काणाडोळा केला, तर वर्षाची उरलेली सगळी रक्कम एकदम मागतात. मग कोर्टाचं समन्स, मग दारात बेलिफ, म्हणजे वसुलीला येणारा माणूस. इंग्लंडमध्ये त्यासाठी तुरुंगवासाचीही तरतूद आहे, आणि हे मला साध्या पत्रावरून कधी उमगलं असतं देव जाणे.

त्यांनीच मला ब्रीदिंग स्पेसमध्ये घातलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२१ पासून ही कायदेशीर सोय आहे. साठ दिवस त्यात घातलेल्या बहुतेक कर्जांवर व्याज नाही, दंड नाही, वसुलीचा फोन नाही. आपण थेट अर्ज करू शकत नाही, कर्जसल्लागारामार्फतच जावं लागतं आणि वर्षातून एकदाच मिळते. भाडं आणि चालू बिलं मात्र त्या काळातही भरायचीच. मानसिक आजाराचा गंभीर झटका येऊन उपचार चालू असतील तर वेगळी, जास्त मुदतीची सोय आहे. शिवाय जीपीकडून भरून घ्यायचा एक फॉर्म आहे, ‘माझी तब्येत अशी आहे, जरा सबुरीने घ्या’ असं बँकेला सांगणारा, आणि २०१९ पासून इंग्लंडमधले जीपी त्याचे पैसे घेऊ शकत नाहीत. पगार ज्या बँकेत येतो तिचंच कर्ज असेल तर दुसऱ्या बँकेत खातं उघडा, नाहीतर ती पगारातून परस्पर कापून घेऊ शकते, हेही बाईंनीच सुचवलं. इतक्या शांतपणे माझ्याशी पैशांबद्दल आजवर कोणी बोललं नव्हतं. आमच्या घरात पैशांचं बोलणं निघालं की आवाज आपोआप चढतो.

इथवर मी त्या फॉर्मच्या प्रेमात होते. मग मी विचारलं, “घरी पाठवते ते पैसे कुठे लिहू?”

“कोणत्या घरी?”

माझ्या घरी. बार्शीला. माझ्या शिक्षणासाठी तिथल्या बँकेचं कर्ज आहे, त्याला पप्पा सहकर्जदार आहेत आणि तारण म्हणून आमचं राहतं घर आहे. त्याचा हप्ता मी पाठवते, शिवाय आईच्या औषधांचे थोडे. बाईंनी फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला. कुत्र्याच्या डॉक्टरला रकाना आहे, आईच्या डॉक्टरला नाही. शेवटी म्हणाल्या, “‘इतर’मध्ये टाकते. पण त्यावर प्रश्न येऊ शकतो.” आणि भारतातला हप्ता हा तातडीच्या ढिगात बसत नाही, सध्या कमी करता येईल का याचा विचार करा, असंही अगदी हळुवारपणे सुचवलं.

मला राग आला. त्यांचा नाही, त्या ओळीचा. मी या देशात एकटी उगवले नाही. ज्या कार्डाच्या कर्जासाठी हा सगळा खटाटोप चाललाय, ते वाढलं कधी? २०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. पप्पा संपात होते. घरात पगार नाही, आणि माझ्या कोर्सनंतरची मुदत संपून हप्ते सुरू झालेले. मी नुकती कामाला लागलेली. जे हातात येईल ते मी तिकडे पाठवलं आणि इथलं खाणंपिणं कार्डावर ढकललं. हे कोणत्या रकान्यात बसतं? उधळपट्टी तर नव्हती. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हे मलाही शिकवलंय, पण एकाच अंथरुणात दोन घरं झोपलेली असतात तेव्हा काय करायचं ते कोणी शिकवत नाही.

त्या संपात आमच्या घराने कोणताही फॉर्म भरला नाही. किराणावाल्याने वहीवर लिहून घेतलं, मामाने हातउसने दिले, आईच्या भिशीतल्या बायकांनी तिचा नंबर आधी काढला. किती द्यायचे, कधी द्यायचे, व्याज काय, कोणी विचारलं नाही. आपल्याकडची ही सोय कोणत्याही कायद्यात नाही आणि साठ दिवसांत संपतही नाही. हे मी इथल्या एका मैत्रिणीला फुशारकीने सांगितलंही. ती म्हणाली, किती छान. मी तिला हे सांगितलं नाही की मामाने ते उसने पैसे पुढे प्रत्येक लग्नात चारचौघांसमोर काढले, आणि आईने त्या वर्षी किराणावाल्याच्या दुकानावरून जाणारा रस्ताच सोडला. इथल्या बाईंना माझा चेहराही माहीत नाही.

आणि बँकांचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्येच वसुलीच्या फोनची वेळ बांधून दिलीय, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर नाही. म्हणजे नियम आपल्याकडेही आहेत. पण हप्ता नव्वद दिवस थकला की खातं बुडीत गणलं जातं, आणि आमच्या बाबतीत पुढची नोटीस माझ्या नावाने लेस्टरला येणार नाही, पप्पांच्या दारावर चिकटणार. ही गोष्ट ‘तातडीची नाही’ असं इंग्लंडातला कुठलाही फॉर्म मला पटवू शकत नाही. म्हणून मी इथलं जेवण साधं केलं, गाडी विकली, आणि हप्ता चालू ठेवला. सल्ला मोडला म्हणा हवं तर. सल्लागार बाईंनाही तसंच सांगितलं. त्यांनी नोंद केली आणि म्हणाल्या, “निर्णय तुमचा आहे.”

इथे राहणाऱ्यांपैकी कोणी याच गाळात असेल तर स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन आणि सिटिझन्स ॲडव्हाइस या तिन्ही ठिकाणी सल्ला फुकट मिळतो. पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका. मनाच्या उपचारासाठी इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीजकडे जीपीशिवाय स्वतःही नाव नोंदवता येतं. फारच अंधारून आलं तर समारिटन्स या हेल्पलाइनचा ११६ १२३ चोवीस तास चालू असतो. घरी, भारतात असाल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६.

मी आता कामावर परत गेलेय, सध्या अर्धे दिवस. ब्रीदिंग स्पेस संपल्यावर त्या संस्थेने परतफेडीची योजना लावून दिली. खर्च जाऊन उरेल ते महिन्याला एकरकमी द्यायचं, संस्था ते कार्ड आणि ओव्हरड्राफ्टमध्ये वाटते. उत्पन्नात किंवा खर्चात काही बदललं तर कळवायचं.

आता बदललंय. मागच्या आठवड्यात बँकेचा मेसेज आला, हप्ता जमा. मी पाठवला नव्हता. पप्पांनी भिशी उचलून परस्पर भरला, वर पुढचाही भरणार म्हणाले. मी ओरडले, तर म्हणे घर माझं आहे. पण हे मी इथे कळवलं तर माझ्या ‘इतर’मधला खर्च कमी होणार, शिल्लक वाढणार आणि ती वाढीव शिल्लक कार्ड कंपनीकडे जाणार. म्हणजे बार्शीच्या भिशीतले पैसे फिरून फिरून इंग्लंडच्या बँकेत. आढावा पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी पप्पांचे पैसे परत पाठवते, म्हणजे कळवण्यासारखं काही उरणारच नाही.