तुम्ही विचारलंत म्हणून: वऱ्हाडी शब्दांच्या यादीबद्दल

बँकेत, कृषी खात्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी लागून बाहेरून यवतमाळ-वाशीमकडे येणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "मराठी वाचता येतं, बोलता येतं, पण गावात माणसं काय म्हणतात ते कळत नाही. वऱ्हाडी शब्दांची यादी मिळेल का?"

मिळेल, आणि ती लहान आहे. काऊन म्हणजे का, मले म्हणजे मला, वावर म्हणजे शेत, धुरा म्हणजे बांध, 'येऊन राहिला' म्हणजे येतो आहे. ळचा य होतो, म्हणून डोळ्याचा डोया. आठवडाभरात हे तोंडात बसतं आणि तरीही अडतं, कारण अडवणारे शब्द ओळखीचेच असतात.

'पऱ्हाटीची पाती गळून राहिली' हे घ्या. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, हे कुणीही सांगेल. पण हिंदी बोलत वाढलेल्याला पाती म्हणजे पत्ती वाटते आणि तो नोंदवहीत 'पानगळ' लिहितो. पाती म्हणजे फुलाआधीची कळी, तीन हिरव्या झालरींत मिटलेली. ती ढगाळ हवेनं गळते, पाणी साचल्यानं गळते, पाण्याचा ताण बसल्यानं गळते, अळीनंही गळते. पानाचं दुखणं वेगळं. एका चुकीच्या शब्दावर पुढचा सगळा सल्ला चुकतो. तसंच 'ज्वारी पोटरीत आली'. शब्दकोशात पोटरी पायाची असते. इथे कणीस अजून पानाच्या आवरणात आहे आणि ताट, म्हणजे ज्वारीचा धांडा, तिथे पोटरीसारखं फुगलंय. कणीस बाहेर पडलं की ज्वारी निसवली. ही रूपकं डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीवरून आली आहेत, म्हणून ती वावरातच शिकावी लागतात. वर्गात बसून पाठ केली तर चार दिवसांत विसरतात.

खरी अडचण याच्या पुढे आहे. काही रूपकं इतकी मुरलेली असतात की बोलणाऱ्यालाही ती रूपकं वाटत नाहीत. विदर्भात त्यातलं सर्वांत महाग पडलेलं रूपक म्हणजे 'औषध'.

कीटकनाशकाला कुणी कीटकनाशक म्हणत नाही. 'औषध मारलं', 'कोणतं औषध सांगितलं?', 'एक औषध चाललं नाही, दुसरं मिसळलं'. औषध म्हटलं की पीक रोगी होतं आणि कृषी केंद्रातला दुकानदार डॉक्टर. मग दवाखान्याचा सगळा हिशोब आपोआप लागू होतो: गुण आला नाही तर डोस वाढवा, दोन आजार असतील तर दोन औषधं एकत्र द्या. आणि औषध ज्याला दिलं त्याच्याच अंगात जातं, अशी समजूत असल्यामुळे फवारणाऱ्या माणसाचं अंग या चित्रातून पुसलं जातं. हातमोजे कुणासाठी? आजारी तर पऱ्हाटी आहे. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. त्यामागे डोक्याच्या वर गेलेली कपाशी होती, मिसळलेली रसायनं होती, वारा आणि दमट उकाडा होता. सगळं खापर एका शब्दावर फोडणं मूर्खपणाचं होईल. पण 'औषध फवारताना विषबाधा' हे वाक्य कानाला खटकत नाही, हे खटकायला हवं.

म्हणून काय करायचं? शब्द सुधारायला जाऊ नका. तुम्ही 'कीटकनाशक' म्हणालात की समोरचा मान हलवतो आणि तुम्ही उठून गेल्यावर पुन्हा औषधच म्हणतो. त्यापेक्षा विचारा, "भाऊ, डब्यावरचा तिकोन कोणत्या रंगाचा हाय?" लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, हिरवा सर्वांत सौम्य. माणसाच्या औषधावर असा तिकोन नसतो. हा फरक त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितला की तोंडाला रुमाल कशाला आणि रिकामा डबा पाण्याला का वापरायचा नाही, हे बोलणं सोपं जातं. आरोग्य केंद्रात असाल तर आणखी एक. घरचे धावत येऊन 'यानं औषध घेतलं' म्हणाले, तर ते बहुतेक वेळा गोळ्यांबद्दल बोलत नसतात. 'कोणतं, फवारणीचं का?' हा पहिला प्रश्न, आणि डबा सोबत आणायला सांगणं हे पहिलं काम.

औषधाच्या जोडीला लढाईचं रूपक असतं: अळीचा हल्ला, अळीचा बंदोबस्त. हल्ला म्हटला की शत्रू समोर उभा दिसतो आणि फवारा हातात येतो. गुलाबी बोंडअळी समोर नसते. अंड्यातून निघाली की ती बोंडात शिरते, वरचं छिद्र बुजतं आणि फवारा बाहेरच राहतो. तिच्याबाबतीत 'मुक्काम' हा शब्द जास्त कामाचा आहे. हेक्टरी 5 कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे, लावायचे, सलग 3 रात्री सापळ्यात 8-8 पतंग दिसले तर ती मुक्कामाला आली असं समजायचं आणि मग फवारणीचं बोलायचं. डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली कपाशी, ठेवायची नाही, पऱ्हाट्या उपटायच्या, की मुक्काम मोडतो.

बँकवाल्यांसाठी वेगळी तालीम. मराठीत कर्ज काढतात, उचलतात, फेडतात, ते थकतं, आणि शेवटी एक तर बुडतं किंवा बुडवतात. या शेवटच्या दोन शब्दांत फरक फक्त एका 'व'चा आहे. 'कर्ज बुडालं' म्हणजे पाणी चढलं. 'कर्ज बुडवलं' म्हणजे कुणीतरी मान धरून खाली दाबली. वावरात माणूस 'पीक बुडालं, कर्ज बुडालं' म्हणतो आणि फाइलीत उतरताना त्याचं 'बुडवलं' होतं; मधे कुणी काही विचारलेलंही नसतं. 'नवं-जुनं करून द्या' ऐकलं तर गोंधळू नका: जुनं पीककर्ज भरून लगेच नवं उचलायचं आहे.

सरकारी भाषेतही हेच चालतं. माफी गुन्ह्याला असते, म्हणून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'कर्जमाफी' नाकारून 'कर्जमुक्ती' हा शब्द धरून ठेवला. 2019 च्या राज्याच्या योजनेच्या नावातही 'कर्जमुक्ती'च आला. पारावर मात्र अजून 'माफी आली का?' असंच विचारतात. वर्तमानपत्रं शेतकऱ्याला बळीराजा आणि अन्नदाता म्हणतात. तो स्वतःला कास्तकार म्हणतो, म्हणजे पेरणारा. दात्यानं भाव मागितला की ते शोभत नाही, कास्तकारानं मागितला तर शोभतं. मला यातला कास्तकारच प्रामाणिक वाटतो. आणि विदर्भातल्या शेतकऱ्यांसाठीच्या 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमधले सहा 'आत्महत्याग्रस्त' जिल्हे बघा: ग्रस्त म्हणजे गिळलेला, ग्रहणात चंद्र असतो तसा. ग्रहणाला कुणी जबाबदार नसतं.

तर वहीत यादीऐवजी तीन रकाने पाडा. पहिल्यात ऐकलेलं अख्खं वाक्य, बोलणाऱ्याच्याच उच्चारात. दुसऱ्यात ते कोणत्या वस्तूवरून आलं ते. कळलं नसेल तर मोकळं ठेवा आणि ती वस्तू दाखवायला सांगा. तिसऱ्यात, या शब्दासोबत आणखी काय चालत आलं: कोण आजारी ठरला, कोण दोषी, कोण दिसेनासा झाला. दिवसाला 3 वाक्यं पुरेत. 10 लिहिणाऱ्यांचा तिसरा रकाना कोराच राहतो. ऐकायला बाजार समितीचं आवार चांगलं, कृषी केंद्राचा ओटा त्याहून चांगला, आणि पोळ्याच्या झडत्या, म्हणजे त्या दिवशी म्हणतात ती टोमण्यांची पदं, सर्वांत अवघड, कारण तिथे टोमणा कुणाला आहे हे आधी माहीत असावं लागतं. सुरुवात सीतादहीपासून करा, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेच्यापासून. उलंगवाडी होईपर्यंत, म्हणजे शेवटचा वेचा होऊन वावर मोकळं होईपर्यंत, निम्मी वही भरते.