साडेपाचचं पाणी आणि माझं धावणं

आमच्याकडे पहाटे साडेपाचला पाणी येतं. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातली आमची इमारत जुनी आहे. आई सव्वापाचलाच उठून पिंप, कळशा, बादल्या ओळीने मांडून ठेवते. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर आहेत. पहिली पाळी असली की ते चारलाच घर सोडतात. पाण्याच्या वेळी घरात झोपलेली असायचे ती फक्त मी. धावायला वेळ कुठून काढू, हे मी कित्येक दिवस शोधत होते आणि ती वेळ नळाखाली बादली भरण्याच्या आवाजात रोज माझ्या कानावर पडत होती.

सुरुवात झाली एका जानेवारीत, मुंबई मॅरेथॉनच्या रविवारी. मी गिरगावातल्या मावशीकडून परत येत होते. सीएसएमटीहून सुटणाऱ्या स्लो लोकलमध्ये गळ्यात पदक घातलेल्या चार बायका चढल्या. त्यातली एक माझ्या आईएवढी असेल. तिने बूट काढले, पाय समोरच्या बाकाला टेकवले आणि डब्यातली इडली खायला लागली. तिच्या चेहऱ्यावरचं समाधान मी दादरपर्यंत बघत होते. तेव्हा मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. दोन जिने चढले की धाप लागायची, आणि आठवड्यातून तीन दिवस डोकं दुखायचं.

आधी मी संध्याकाळची वेळ धरली. कॉलेज माटुंग्याला. प्रॅक्टिकल संपवून साडेसहाची लोकल पकडायची, कुर्ला आणि घाटकोपरची गर्दी झेलत विक्रोळीला उतरायचं, घरी पोचेपर्यंत साडेसात. पाठीवर लॅपटॉप, जर्नल आणि डब्याची पिशवी. घरात शिरले की पोळीचा वास यायचा आणि बूट कोपऱ्यातच राहायचे. तीन आठवड्यांत चार वेळा धावले. मी आळशी आहे असं तेव्हा मला वाटायचं. आज वाटतं, दिवसभर दमलेल्या माणसाने दिवसाच्या शेवटी नवं काम काढायचं ठरवलं, तर ते काम टिकायचं नाहीच.

मग एके दिवशी आईलाच म्हटलं, "उद्या पाण्याच्या वेळेला मलाही उठव."

"पाणी भरायला?"

"दोन कळशा भरीन आणि मग धावायला जाईन."

आईने ते मनावर घेतलं. गजर मी बंद करू शकत होते, आईला बंद करता येत नव्हतं. शिवाय पाणी काही सोमवारी येतं आणि मंगळवारी येत नाही असं नसतं. पाच-दहा मिनिटं हातांना काम झालं की झोप उडते, हाही फायदा. सहाला मी मैदानावर असायचे.

पण जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये रोजचा सूर्योदय दिलेला असतो, तो तोवर मी कधी वाचलाच नव्हता. मेअखेरीस हीच वेळ सहापर्यंत येते, म्हणजे सव्वा तासाचा फरक. थंडीत सहाला मिट्ट काळोख. वसाहतीच्या पूर्वेला खाडीकडे तिवरांची झाडी आहे, तिथला रस्ता मला फार आवडतो, पण त्या वेळी तिथे चिटपाखरू नसतं. आई स्पष्ट म्हणाली, "अगं, एकटी नाही जायचं तिकडे." मला राग आला होता. एखाद्या मुलाला कोणी हे म्हटलं नसतं, हे मी आजही म्हणेन. तरी पण काळोखात पाय मुरगळला तर मदतीला कोण, हा तिचा प्रश्न खरा होता.

तोडगा निघाला तो मैदानावरच्या काकांमुळे. पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेले, मूळचे माण तालुक्यातले, रोज पहाटे धावणारे. ते स्वतः घरी येऊन आईला म्हणाले, "वहिनी, आमच्या माणदेशातली ललिता बाबर. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय बायकांत पहिली आली, आणि 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला धावली. तिलाही कोणीतरी घराबाहेर सोडलंच असेल ना?" मग ठरलं ते असं. उजाडेपर्यंत वसाहतीच्या आतल्या, दिव्यांच्या रस्त्यावरच फेऱ्या मारायच्या. त्याच वेळी खालच्या मजल्यावरच्या काकू फिरायला निघतात, त्या नजरेच्या टप्प्यात असल्या पाहिजेत. खाडीकडचा रस्ता फक्त उजाडल्यावर. हा नियम मी एकदाही मोडला नाही.

सगळ्यात मोठी चूक मी वेगाच्या बाबतीत केली. पहिल्या महिन्यात रोज जीव तोडून धावायचे. काकांनी दोन-तीनदा टोकलं, "हळू गं पोरी," पण मला ते वयाचं बोलणं वाटलं. पाचव्या आठवड्यात दोन्ही नडग्यांच्या आतल्या कडेला ठणका सुरू झाला. लोकलमध्ये उभं राहणंही नको व्हायचं. डॉक्टरांनी दाबून बघितलं. हाडाच्या कडेने लांबवर दुखतंय की एकाच बिंदूवर, हे त्यांनी नीट तपासलं. एकाच जागी टोचल्यासारखं दुखत असतं तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यावी लागली असती. माझं दुखणं पसरलेलं होतं. हाडांना आणि स्नायूंना सवय व्हायच्या आधीच भार वाढवला, वर बूट बाटाच्या सेलमधले, शाळेच्या पीटीच्या वेळचे, तळ झिजून सपाट झालेले. तीन आठवडे धावणं बंद. ते तीन आठवडे मी पहाटे उठून नुसत्या कळशा भरल्या. उठायची सवय मोडू नये, एवढंच डोक्यात होतं, आणि पुढे तेच उपयोगी पडलं.

परत सुरू केलं तेव्हा काकांनी मला एक युक्ती दिली. धावताना सतराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस... मध्ये श्वास तुटला तर वेग जास्त आहे, चालायला लागायचं. पहिल्या दिवशी माझा श्वास सतरा त्रिकवरच तुटला. दोन मिनिटं धावणं, दोन मिनिटं चालणं, असं करत वीस मिनिटं. आठवड्यातून तीनच दिवस: मंगळवार, गुरुवार आणि रविवार. एकूण वेळ दर आठवड्याला फार तर दहा टक्क्यांनी वाढवायची. या गतीने धावणं मला सुरुवातीला अपमानासारखं वाटलं. पण नडग्या पुन्हा दुखल्या नाहीत, आणि मेपर्यंत मी न थांबता अर्धा तास धावत होते, पाढा म्हणत. बुटांसाठी शिकवणीचे दोन महिन्यांचे पैसे साठवले. त्यातला एक पैसाही वाया गेला असं मला वाटत नाही. बाकी कपड्यांचं वगैरे फार मनावर घेऊ नये. सुती टी-शर्ट घामाने जड होऊन काचतो, म्हणून जाळीदार कापडाचा एक घेतला, बस्स.

सेमच्या, म्हणजे सेमिस्टरच्या, परीक्षा आल्या की माझ्या सगळ्या मैत्रिणी सगळ्यात आधी व्यायाम सोडतात, मीही सोडला होता. पहिल्या सेमला सबमिशन, व्हायवा आणि लेखी परीक्षा मिळून माझे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी बूट घालायला हात होईना. पुढच्या सेमला मी वेगळं ठरवलं. परीक्षेच्या दिवसांत धावणं पंधरा मिनिटांवर आणायचं, पण मंगळवार-गुरुवार सोडायचे नाहीत. रात्री दीडपर्यंत जागून पाचला उठायचं, हा मात्र मूर्खपणा आहे, तो मी केला नाही. जागरण झालं की सकाळी झोप. धावणं आणि झोप यांत निवड करायची वेळ आली तर मी झोप निवडते आणि इतरांनाही तेच सांगते. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेतच. त्या सेमला माझी गणिताची केटी, म्हणजे नापास होऊन राहिलेला विषय, सुटली. धावल्यामुळे सुटली असं मी म्हणणार नाही, पण पेपरच्या आदल्या दिवशी पहिल्यांदाच माझे हात थरथरले नाहीत.

मग पावसाळा. एकट्या जुलैत मुंबईत 800 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पावसात धावायला मला मनापासून आवडतं, अंग तापत नाही, रस्ते रिकामे असतात. पण साचलेल्या पाण्यातून मी एक पाऊलही टाकत नाही. खाली गटाराचं झाकण आहे की नाही ते दिसत नाही, आणि पायाला जखम असेल तर लेप्टोच्या तापाची (लेप्टोस्पायरोसिसची) भीती. दरवर्षी पालिका हेच बजावते आणि लोक दरवर्षी चालतात. पाणी साचलं असेल त्या दिवशी मी इमारतीचे जिने चढते-उतरते, चार मजले, दहा वेळा. पहिल्या दिवशी दोन घरांची दारं उघडली, काय झालं म्हणून. बूट वाळवायची रीत आईची: आतला सोल काढून लोकसत्ताचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे, रात्रभर पंख्याखाली. पहाटे बूट कोरडे.

सप्टेंबरमध्ये मात्र मला कळेनासं झालं. वेळ तीच, रस्ता तोच, पण पाय शिसासारखे. वीस मिनिटांत दम. मला वाटलं अभ्यासाचा ताण. कॉलेजात आरोग्य तपासणीचं शिबिर झालं, त्यात माझं हिमोग्लोबिन 9.8 निघालं. बायकांमध्ये ते 12 च्या वर असायला हवं. हे प्रत्येक मुलीने नीट ऐकावं म्हणून थांबून लिहिते. हिमोग्लोबिन कमी असेल तर स्नायूंपर्यंत प्राणवायू कमी पोचतो, आणि आपण स्वतःला आळशी म्हणत राहतो. मासिक पाळीत लोह जातंच, त्यात आमच्या घरी जेवण झालं की लगेच चहा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यायची नाही, चहा जेवणानंतर निदान तासाभराने घ्यायचा, कारण चहा लोह शोषू देत नाही. लिंबू मात्र मदत करतं. आईने पालेभाजीवर, मटकीच्या उसळीवर लिंबू पिळायला सुरुवात केली. तिचंही तपासलं तर ते माझ्यापेक्षा कमी. आता आम्ही दोघी एकाच डबीतून गोळ्या घेतो. तीन महिन्यांनी माझं 12.1 झालं, आणि पाय पुन्हा माझे झाले.

या सगळ्याची नोंद कालनिर्णयवरच आहे. आई त्याच्या चौकोनांत दुधाचा हिशेब लिहिते. त्याच चौकोनात मी धावले त्या दिवशी निळ्या पेनाने टिंब काढायला लागले. किलोमीटर नाही, मिनिटं नाही, नुसतं टिंब. फोनमध्ये धावणं मोजणारं ॲप होतं, ते मी काढून टाकलं. त्यात मी दुसऱ्यांचे आकडे बघत बसायचे. कालनिर्णयवर फक्त मी आणि आमचं दूध. सलग दोन दिवसांची टिंबं हुकली तर मी मनाला लावून घेत नाही, तिसऱ्याला मात्र पाऊस असो की व्हायवा, दहा मिनिटं तरी बाहेर.

परवाच्या फेब्रुवारीतला रविवार. रेल्वेच्या दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक होता, पण तो उशिरा सुरू होतो, म्हणून मी पहाटेच्या स्लो लोकलने सीएसएमटीला उतरले आणि चालत मरीन ड्राइव्हला गेले. नरिमन पॉइंटच्या टोकापासून चौपाटीच्या पुढच्या वळणापर्यंत साडेतीन किलोमीटर. एकदा गेले, परत आले, पुन्हा गेले. समुद्र ओहोटीला लागला होता, टेट्रापॉडवर मासे धरणारे बसलेले. दुसऱ्या फेरीत उजाडलं आणि दिवे एकदम विझले. तिसऱ्या फेरीत मी सतराचा पाढा सुरू केला, शेजारून जाणारे एक आजोबा हसून म्हणाले, "एकोणीसचा म्हण, अवघड आहे." मी म्हटला. एकोणीस नव्वे एकशे एकाहत्तरपर्यंत आले तरी श्वास शिल्लक होता. साडेदहा किलोमीटर, आयुष्यात पहिल्यांदा.

चर्नी रोडहून लोकल पकडली, दादरला बदलली, ब्लॉकच्या आधी घरी पोचले. आईने काही विचारलं नाही, कोकम सरबत पुढे केलं. मी पेन घेऊन भिंतीकडे गेले. त्या रविवारच्या चौकोनात तिने दुधाचा आकडा अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिला होता. बाकी सगळा चौकोन मोकळा ठेवला होता.